सरासरी रोहिणीदाब

हृदयाच्या एका ठोक्यापासून पुढच्या ठोक्यापर्यंत मोठ्या रोहिण्यांमधला (धमन्यांमधला) दाब सतत बदलत असतो. त्याची वेळेच्या हिशेबाने काढलेली सरासरी म्हणजे सरासरी रोहिणीदाब. मिरजेत किंवा कराडला अतिदक्षता विभागातल्या पडद्यावर ११८/७२ च्या शेजारी कंसात ८७ दिसतात, तो हाच आकडा. बाहेर बसलेले नातेवाईक ‘वरचं किती, खालचं किती’ असे विचारतात. आत डॉक्टरांची नजर बऱ्याचदा कंसाकडे असते. मेंदू आणि मूत्रपिंडाला रक्त पोहोचते ते मुख्यतः या दाबाच्या जोरावर. जंतुसंसर्गाने बीपी कोसळलेल्या रुग्णात तो निदान ६५ मिमी (पारा) राखण्याचा प्रयत्न असतो.

वरचा आणि खालचा आकडा मिळवून निम्मे केले, तर उत्तर चुकते. का चुकते, हे सांगलीकरांना कृष्णेवरून चटकन कळेल. आयर्विन पुलापाशी पाणी दोन दिवस ४५ फुटांवर आणि उरलेला महिना १५ फुटांच्या आसपास असेल, तर महिन्याची सरासरी ३० फूट होती असे कोणी म्हणणार नाही. हृदयाचेही तसेच आहे. नाडी ७५ असताना एक ठोका ०.८ सेकंदाचा असतो. त्यातले आकुंचन सुमारे ०.३ सेकंदात आटोपते आणि बाकीचा वेळ विसाव्याचा. म्हणून सरासरी खालच्या आकड्याकडे झुकते. रूढ आडाखा असा: वरच्यातून खालचा वजा करा, उरलेल्याचा तिसरा हिस्सा खालच्यात मिळवा. १२०/८० ला उत्तर ९३ येते.

गंमत म्हणजे १६०/६० लाही ९३ च येते. पहिल्या रोहिण्या लवचीक, दुसऱ्या बहुधा वयाने ताठरलेल्या. सरासरी मात्र एकच. त्यामुळे हा आकडा एकटाच वाचू नये. नाडी फार जलद असेल, तर विसाव्याचा वेळ घटतो आणि आडाखा खऱ्या सरासरीपेक्षा कमी उत्तर देतो.

तरीही या सरासरीचा एक गुण मोलाचा आहे. हृदयातून निघालेल्या महारोहिणीपासून मनगटापर्यंत जाताना वरचा आकडा चढत जातो, कारण पुढून परतणाऱ्या लाटा त्यात मिसळतात. सरासरी मात्र आडव्या झोपलेल्या माणसात जेमतेम एक-दोन मिमीने उतरते. म्हणून मनगटावर मोजलेल्या सरासरीवरून महारोहिणीतल्या दाबाचा अंदाज भरवशाने बांधता येतो.

घरोघरी असलेले बीपीचे बॅटरीवरचे मशीनही मुळात सरासरीच शोधते. पट्टा सैल होत असताना त्यातल्या हवेला नाडीचे बारीक हेलकावे बसतात. ते सर्वांत मोठे होतात तेव्हा पट्ट्यातला दाब सरासरीच्या जवळपास असतो. वरचा-खालचा आकडा मशीन त्यावरून गणिताने काढते, आणि ते गणित प्रत्येक कंपनीचे वेगळे. दोन मशीन्स एकाच दंडावर वेगवेगळे आकडे दाखवतात, त्याचे हे एक कारण. स्टेथोस्कोपने मोजताना उलट घडते: रशियन डॉक्टर कोरोत्कोव्हने १९०५ मध्ये वर्णिलेल्या आवाजांवरून वरचा-खालचा कळतो आणि सरासरी आपण काढतो.

अत्यवस्थ रुग्णात मनगटाच्या रोहिणीत बारीक नळी घालून दाब थेट मोजतात. तिथे आडाख्याची गरज नसते, कारण यंत्र संपूर्ण लाटेची सरासरी काढते. धोका असतो तो उंचीचा. नळीला जोडलेला दाबमापक हृदयाच्या पातळीत हवा, म्हणजे चौथ्या-पाचव्या बरगडीमधल्या फटीच्या रेषेत, छातीच्या कुशीच्या मध्यावर. पलंग २० सेंमी वर घेतला आणि मापक स्टँडवर होता तिथेच राहिला, तर आकडा सुमारे १५ ने फुगतो: खरा दाब ५५ असताना पडद्यावर ७० दिसतात आणि औषध वाढवायचे राहून जाते. म्हणून पलंग हलला की परिचारिका आधी मापकाची पातळी पुन्हा जुळवते, मग आकडा लिहून घेते.