आल्बुकर्कीचे ऊन आणि ओल्या फुग्याचे तापमान

अमेरिकेतील राहण्यास चांगल्या शहरांच्या याद्यांत न्यू मेक्सिको राज्यातील आल्बुकर्कीचे नाव आले की ‘वर्षातील ३१० दिवस ऊन’ ही शिफारस बहुधा सोबत असते. अंशतः ढगाळ दिवस मोजायचे की नाहीत यावर असले आकडे बरेच फिरतात, ते सोडून देऊ. पण वैशाखात होरपळणाऱ्या मराठी वाचकाला ऊन हे आमिष कसे ठरू शकते, हा प्रश्न पडतोच. जूनमध्ये तेथे पारा ३५ अंशांवर सहज जातो आणि तरीही लोक दुपारी झाडाच्या सावलीत निवांत बसतात. कारण विचारले तर ‘तिथली हवा कोरडी आहे’ एवढेच उत्तर मिळते. ते खरे आहे, पण अपुरे आहे. कोरडेपणा नेमके काय करतो, हे पाहिले तर या शहरातील सुखाचा आणि त्याच्या किमतीचाही हिशेब लागतो.

रिओ ग्रान्दे नदीच्या काठी वसलेले हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंचीवर आहे आणि त्याच्या पूर्वेला ३,२५५ मीटर उंचीचा सांडिया पर्वत आहे. समुद्र दूर, वाटेत डोंगररांगा आणि वर उपोष्ण पट्ट्यातील खाली उतरणारी हवा, यांमुळे येथे वर्षभरात २५० मिलिमीटरहूनही कमी पाऊस पडतो. महाबळेश्वरला जुलैतील एखाद्या जोरदार दिवसात तेवढा पडून जातो.

आता मूळ मुद्दा. आपल्या त्वचेचे तापमान उन्हाळ्यात ३५ अंशांच्या आसपास असते. बाहेरची हवाही तितकीच तापली की शरीरातील उष्णता नुसत्या हवेच्या स्पर्शाने बाहेर जाऊ शकत नाही आणि घामाचे बाष्पीभवन हा एकच मार्ग उरतो. एक लिटर घामाची वाफ होताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता शोषली जाते. माठातले पाणी गार होते तेही याच अप्रकट उष्म्यामुळे. मात्र घामाची वाफ व्हायला हवेत जागा असली पाहिजे. ती किती आहे हे मोजण्याची युक्ती शाळेच्या प्रयोगशाळेत अनेकांनी पाहिली असेल: दोन तापमापकांपैकी एकाच्या फुग्याला ओले कापड गुंडाळायचे आणि दोन्ही वाऱ्यावर धरायचे. ओल्या फुग्याचा पारा जेवढा खाली उतरतो, ती बाष्पीभवनाने गारवा मिळवण्याची त्या हवेतील सीमा होय.

मे महिन्यातील मुंबईची हवा ३४ अंश आणि ६५ टक्के सापेक्ष आर्द्रतेची धरली, तर ओल्या फुग्याचे तापमान सुमारे २८ अंश येते. म्हणजे उतरायला वाव जेमतेम सहा अंशांचा. आल्बुकर्कीत जूनच्या दुपारी ३५ अंश तापमान आणि १० टक्के आर्द्रता असेल, तर ओला फुगा १५ अंशांवर येतो. पारा जवळपास सारखा, पण वाव वीस अंशांचा. ‘दमट हवेत घाम जास्त येतो’ हा आपला समज येथे तपासून पाहण्यासारखा आहे. घाम तिकडेही भरपूर येतो. तो दिसण्याआधीच उडून जातो, इतकेच. म्हणूनच नवखा माणूस पाणी प्यायचे विसरतो आणि संध्याकाळी डोके धरून बसतो.

उंचीचाही यात हात आहे. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या तुलनेत सुमारे १७ टक्क्यांनी कमी असतो. हवा विरळ असल्यामुळे पाण्याचे रेणू पृष्ठभागापासून दूर पसरताना इतर रेणूंवर कमी वेळा आदळतात; त्यांच्या विसरणाचा वेग दाबाच्या व्यस्त प्रमाणात वाढतो. याच कारणाने, त्याच तापमानाला आणि त्याच आर्द्रतेला, ओला फुगा समुद्रकाठापेक्षा डोंगरावर किंचित अधिक उतरतो. वरच्या उदाहरणात हा फरक सुमारे सव्वा अंशाचा आहे. उलट बाजूने, पंखा जेवढे घनमीटर वारे ढकलतो त्यात हवेचे वस्तुमानही १७ टक्क्यांनी कमी भरते, आणि गारवा वाहून नेण्याची क्षमता तितकीच घटते.

यातील सीमा ओळखूनच तेथील जुन्या घरांच्या छपरांवर कूलर बसवलेले असतात. विदर्भातील वाचकाला हे यंत्र समजावून सांगण्याची गरज नाही. वाळ्याच्या ताट्या असोत की लाकडी भुशाच्या जाळ्या असोत, तत्त्व एकच. चांगला कूलर उपलब्ध वावाच्या ८० टक्क्यांपर्यंत हवा उतरवतो, म्हणजे आल्बुकर्कीत ३५ अंशांची हवा १९ अंशांची होऊन घरात येऊ शकते. नागपुरात ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असताना हाच हिशेब साधारण २७ अंशांवर थांबतो. मुंबईत तो तिशीखाली जेमतेम उतरतो आणि वर खोलीभर ओल होते. गंमत अशी की न्यू मेक्सिकोलाही मान्सून आहे. जुलै-ऑगस्टमध्ये मेक्सिकोच्या बाजूने बाष्प आले की आर्द्रता वाढते, वाव निम्म्यावर येतो आणि तेथील कूलरही मृगानंतरच्या अकोल्यातल्या कूलरइतकेच निरुपयोगी वाटू लागतात.

रात्रीचे सुखही कोरडेपणाचेच. पाण्याची वाफ जमिनीतून निघणारे अवरक्त प्रारण शोषून बरेचसे परत खाली पाठवते. वाफ कमी असली की ती उष्णता अवकाशात निसटते आणि दिवस-रात्रीच्या तापमानांत सुमारे १५ अंशांचे अंतर पडते. कच्च्या विटांच्या फूटभर जाड भिंतीतून दुपारची उष्णता आत झिरपायला दहाएक तास लागतात. तोवर बाहेर गार झालेले असते.

अशा हवेभोवती दंतकथा जमणारच. विसाव्या शतकाच्या आरंभी क्षयाचे रुग्ण मोठ्या संख्येने आल्बुकर्कीला जात, कारण कोरडी हवा आणि ऊन फुप्फुसे बरी करतात असे सांगितले जाई. १९०८ मध्ये तेथे प्रेस्बिटेरियन पंथीयांनी क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम काढले. त्याच काळात आपल्याकडे हेच रुग्ण पाचगणीला पाठवले जात, जेथे पावसाळ्यात भिंतींना बुरशी येते. दोन्ही हवांना औषध मानायचे असेल तर त्यांत समान काय, हे सांगावे लागेल. विश्रांती आणि पोषक आहार यांचा थोडाफार उपयोग झाला असेल. पण क्षयाच्या जंतूंवर खरा इलाज स्ट्रेप्टोमायसिन या प्रतिजैविकापासून, म्हणजे १९४० च्या दशकात, सुरू झाला. आजही ‘निरोगी वाळवंटी हवा’ विकणाऱ्यांनी हे सांगायला हवे की दर हजार मीटर उंचीला अतिनील किरणांची तीव्रता दहा टक्क्यांच्या आसपास वाढते आणि त्वचेच्या कर्करोगाचा धोका उन्हाबरोबरच येतो.

राहिला पाण्याचा प्रश्न. एक टनाच्या वातानुकूलन यंत्राइतका गारवा बाष्पीभवनाने मिळवायचा तर तासाला सुमारे पाच लिटर पाण्याची वाफ करावी लागते; शिवाय क्षार साचू नयेत म्हणून काही पाणी सोडून द्यावे लागते ते वेगळे. वीज मात्र कूलरला कितीतरी कमी लागते. शहराखालील भूजलसाठा अफाट आहे अशी समजूत बरीच वर्षे होती. १९९३ मध्ये अमेरिकी भूगर्भशास्त्रीय सर्वेक्षणाच्या अहवालाने ती खोडून काढली. त्यानंतर पाण्याच्या बचतीची मोहीम निघाली, दरडोई वापर बराच घटला, आणि कोलोरॅडो नदीच्या खोऱ्यातून बोगद्याने आणलेले पाणी २००८ पासून नळांना येऊ लागल्यावर भूजलाची पातळी सावरली. परंतु ते पाणीही डोंगरावरील बर्फावरच अवलंबून आहे. २०२२ च्या उन्हाळ्यात सुमारे चाळीस वर्षांनी प्रथमच रिओ ग्रान्देचे पात्र शहराच्या हद्दीत कोरडे पडले. तेथील घरांच्या जाहिरातींत हल्ली ‘रेफ्रिजरेटेड एअर’ असा उल्लेख अभिमानाने केलेला असतो. त्याचा अर्थ कूलर काढून कॉम्प्रेसरचे यंत्र बसवले, आणि पाण्याचा खर्च विजेच्या बिलात गेला.