पाय मुरगळला की पोटरी ताणली गेली?

पावसाळ्यात शेवाळलेल्या पाखाडीवर पाय सरकला की एकतर घोटा मुरगळतो, नाहीतर तोल सावरताना पोटरीत जबर कळ जाते. घराघरात दोन्हींवर इलाज एकच: तेल गरम करायचं आणि चोळायचं. खरं तर दोन वेगळ्या गोष्टींना इजा झालेली असते. त्या बऱ्या व्हायला लागणारा वेळ वेगळा, नंतर करायचे व्यायामही वेगळे.

मोठ्या माणसाच्या शरीरात २०६ हाडं असतात. हाडाला हाड जोडतो तो अस्थिबंध, म्हणजे लिगामेंट. स्नायूला हाडाशी जोडते ती कंडरा, म्हणजे टेंडन. मुरगळण्यात अस्थिबंध ताणला किंवा फाटला जातो. ‘स्नायू ताणला गेला’ म्हणतो तेव्हा मांसाचे तंतू तुटलेले असतात, बहुतेकदा मांस संपून कंडरा सुरू होते त्या जागेजवळ.

घोटा मुरगळतो तो बहुतेक वेळा तळवा आत वळून. उंचसखल जांभ्यावर पाऊल बाहेरच्या कडेवर पडतं आणि अंगाचा सगळा भार बाहेरच्या बाजूवर येतो. तिथे तीन अस्थिबंध आहेत. त्यांतला पुढचा सर्वांत कमजोर, म्हणून आधी तोच फाटतो. आतल्या बाजूचा अस्थिबंध रुंद आणि बळकट असल्यामुळे तिकडची इजा क्वचित होते.

पोटरीचं कारण निराळं. वरचा मोठा स्नायू गुडघा आणि घोटा असे दोन सांधे ओलांडतो. होडीतून उडी मारून उतरलं किंवा रेतीत पाय रोवून रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढताना गुडघा एकदम ताठ झाला, तर स्नायू आकसून जोर लावत असतानाच बाहेरून ओढला जातो. या ओढाताणीत तंतू तुटतात, आणि ते जास्त करून पोटरीच्या आतल्या बाजूला. रात्री झोपेत वांब, म्हणजे पेटका, येतो तो मात्र यातला नव्हे. पाऊल वर खेचून पोटरी ताणली की तो बहुधा काही मिनिटांत जातो, कारण तिथे काही तुटलेलं नसतं.

घरच्या घरी फरक असा ओळखावा. माणसाला बसवून पाय सैल सोडायला सांगा आणि पाऊल हळूच आत वळवा. त्याने स्वतः जोर न लावताही घोट्याच्या बाहेर, हाडाच्या पुढे-खाली कळ आली, तर अस्थिबंध दुखावलाय. आता तळव्याला हात लावून धरा आणि त्याला पाऊल खाली दाबायला सांगा. कळ पोटरीच्या मांसात आली तर स्नायू दुखावलाय. सूजही साक्ष देते. मुरगळल्यावर ती थोड्याच वेळात घोट्याभोवती दिसते. पोटरीतलं रक्त एक-दोन दिवसांनी खाली उतरतं आणि घोट्यापाशी काळंनिळं होतं. ते पाहून घोटाच दुखावलाय असं वाटतं. म्हणून पहिली कळ कुठे आली ते आधी विचारावं.

पहिले दोन-तीन दिवस काय करू नये ते दोन्हींत सारखंच: जोराने चोळणं, शेक, ओढून ‘बसवणं’. फाटलेल्या जागी रक्तस्राव वाढतो, आणि हाड मोडलेलं असेल तर ओढण्याने ते सरकतं. बर्फ कापडात गुंडाळून १५ ते २० मिनिटं ठेवावा. बंदरावर बर्फ हाताशी असतो, पण तो उघड्या त्वचेवर ठेवला तर कातडी पोळते. क्रेप बँडेज बोटांच्या मुळापासून वर गुंडाळत यावं. बोटं निळी पडली किंवा मुंग्या आल्या तर लगेच सैल करावं.

इथून पुढे वाटा फुटतात. स्नायूला रक्तपुरवठा भरपूर, त्यामुळे हलकी इजा दोन-तीन आठवड्यांत भरते. अस्थिबंधाला तो कमी. पूर्ण फाटला तर महिने लागतात. शिवाय सांधा कुठे वळतोय ही खबर मेंदूला देणाऱ्या नसाही अस्थिबंधातच असतात. सूज उतरली तरी ती जाण मंद राहते, आणि तोच घोटा पुन्हा मुरगळू शकतो. म्हणून भार पेलवायला लागला की भिंतीजवळ दुखऱ्या पायावर ३० सेकंद उभं राहण्याचा सराव करावा, जमल्यावर डोळे मिटून. हा सराव बहुतेकजण टाळतात आणि इथेच चुकतं.

दवाखाना कधी गाठायचा? चार पावलंही टाकता येत नसतील, घोट्याच्या बाहेरच्या किंवा आतल्या हाडाच्या मागच्या कडेवर दाबल्यावर दुखत असेल, किंवा करंगळीच्या रेषेत पावलाच्या मधोमध बाहेर आलेल्या हाडावर दुखत असेल, तर एक्स-रे काढायलाच हवा.

पोटरीत मागून कोणी काठी मारल्यासारखं वाटलं, तर टाचेमागची कंडरा तपासावी. माणसाला खाटेवर पालथं झोपवून पावलं कडेबाहेर सोडावीत आणि पोटरी दाबावी. कंडरा शाबूत असेल तर पाऊल खाली हलतं. ते निश्चल राहिलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं. काही न लागता एकच पोटरी सुजून गरम झाली असेल तर ती रक्ताची गुठळीही असू शकते. तीही त्याच दिवशी दाखवावी.

माडावर चढणाऱ्याने किंवा चिरे वाहणाऱ्याने पुन्हा कामाला लागण्याआधी एका पायावर टाच वर उचलून पाहावी. धडधाकट पायाने जितक्या वेळा जमतं तितक्या वेळा दुखऱ्या पायाने, न दुखता जमलं, तर पोटरी कामाला तयार आहे.