अर्ध्यावरून तिसऱ्या हिश्श्यावर: कच्च्या कैद्यांच्या सुटकेच्या नियमाची पार्श्वभूमी

२०२२ अखेरच्या सरकारी आकडेवारीनुसार देशातल्या तुरुंगांची क्षमता ४,३६,२६६ होती आणि त्यांत कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा खटला अजून निकाली निघालेला नाही असे, होते ४,३४,३०२. म्हणजे शिक्षा झालेला एकही माणूस आत नसता, तरी तुरुंग जवळपास भरलेलेच असते. त्यामुळे गर्दी म्हटली की नव्या बराकींची चर्चा होते, पण खरा प्रश्न तारखांचा आणि जामिनाचा आहे.

तुरुंगांचा मूळ कायदा १८९४ चा. त्यात अडकून पडण्यात अर्थ नाही. ज्या नियमांवर आज वाद आहे ते सगळे गेल्या पन्नास वर्षांतले. १९७८ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. त्याच्याकडे दहा हजारांचा जामीन मागितला होता. भाऊ जामीन राहायला तयार होता, पण तो आणि त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात, म्हणून खालच्या न्यायालयाने त्याला नाकारलं. शेवटी एक हजाराच्या जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराविना स्वतःच्याच लेखी हमीवर, सुटका झाली. पुढच्याच वर्षी बिहारमधून बातमी आली: आरोपाला असलेल्या कमाल शिक्षेहूनही जास्त काळ माणसं खटल्याविना आत होती. जलद खटला हा जगण्याच्या हक्काचाच भाग, हे सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा स्पष्ट केलं.

कायद्यात मात्र त्याचं रूप दिसायला पाव शतक गेलं. २००५ च्या दुरुस्तीने फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४३६-अ आलं: कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढला की जामीन. नियम चांगला होता, पण अर्ज करायचा कुणी? आतल्या माणसाला आपलं निम्मं कधी झालं हे ठाऊक नसे. २०१४ मध्ये न्यायदंडाधिकाऱ्यांनी दोन महिने दर आठवड्याला तुरुंगात जाऊन असे कैदी शोधावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला. २०२० च्या साथीत तात्पुरत्या जामिनावर बरीच माणसं बाहेर आली, पण ती साथीपुरती सोय होती.

जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम ४७९ आहे आणि गाजावाजा झाला तो त्यातल्या 'एक तृतीयांश'चा. यापूर्वी कधीच दोषी न ठरलेल्याला आता निम्म्याऐवजी तिसरा हिस्सा पुरे. साध्या चोरीला कमाल तीन वर्षं, म्हणजे दीड वर्षाऐवजी एक वर्ष. शिवाय वेळ भरली की अर्ज करण्याची जबाबदारी तुरुंग अधीक्षकावर टाकली, ही खरी सुधारणा.

पण त्याच कलमाचं दुसरं पोटकलम वाचा. एकाहून अधिक गुन्ह्यांचा किंवा एकाहून अधिक प्रकरणांचा तपास वा खटला चालू असेल, तर या सवलतीने जामीन नाही. 'प्रकरणे' समजण्याजोगं आहे. 'गुन्हे' हा शब्द घोळ घालतो. रात्री घरफोडी करून चोरी केल्याचा गुन्हा नोंदवला, की एकाच एफआयआरमध्ये दोन कलमं लागतात. मग ते एक की दोन? शब्दशः वाचलं तर बहुतेक कच्चे कैदी एका हाताने मिळालेलं दुसऱ्या हाताने गमावतात. त्यांच्यासाठी उरते ती कमाल शिक्षेइतका काळ झाल्यावरची सुटका. जुन्या ४३६-अ मध्ये हा अडथळा नव्हता. शिवाय तिथे फाशीची तरतूद असलेले गुन्हेच वगळले होते, आता जन्मठेपेचेही वगळले. कलम उदार झालं असं सांगितलं जातं, ते अर्धंच खरं.

ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सवलत जुन्या प्रकरणांनाही लागू केली. पण जामीन मंजूर झाला तरी जामीनदार हवाच. २०२३ च्या केंद्रीय योजनेत गरीब कच्च्या कैद्यासाठी सुरुवातीला चाळीस हजारांपर्यंत मदत ठेवली होती. त्या गवंड्याकडे मागितले होते त्याच्या चौपट.