इंग्रजी मजकूर तपासायला देण्याआधी

आमच्याकडे नोकरीचे अर्ज येतात, बायोडेटा येतात, कंपनी प्रोफाइल, कोटेशन, परदेशी खरेदीदाराला जाणारे ईमेल, केळीच्या खोक्यावरचं लेबल असं सगळं येतं. जळगावातून येतं तसं भुसावळ, सावदा, रावेर, अमळनेर, चाळीसगावहूनही येतं. कागद पुढे करताना बहुतेक जण म्हणतात, "भाऊ, आपलं इंग्रजी कच्चं आहे, जरा पाहून घ्या." खरं सांगायचं तर इंग्रजी इतकं कच्चं नसतं. शब्द माहीत असतात, स्पेलिंगही बऱ्यापैकी बरोबर असतं. पण वाक्य मनात मराठीत तयार होतं आणि कागदावर इंग्रजीत उतरतं, त्या उतरण्यात गडबड होते. ही गडबड ठरावीक जागीच होते. त्या जागा तुम्ही घरीच नीट केल्या तर आमचं काम कमी होईल आणि तुमचं बिलही. म्हणून हे पत्रक.

सगळ्यात मोठा घोळ 'आहे'चा

मला दोन भाऊ आहेत, मला अनुभव आहे, मला टॅली माहीत आहे. अहिराणीत बोला, "माले माहीत शे". शेवटी 'आहे' किंवा 'शे' आलंच. मग इंग्रजी लिहिताना हात आपोआप 'ॲम' नाहीतर 'इज' लिहितो आणि पुढच्या क्रियापदाला 'आयएनजी' चिकटवतो. "आय ॲम हॅविंग फाइव्ह इयर्स एक्सपीरियन्स." "आय ॲम नोइंग टॅली." दोन्ही चूक. जे काम घडताना दिसतं, सुरू होतं, संपतं, त्याला 'आयएनजी' चालतं. असणं, माहीत असणं, आवडणं, हवं असणं, मालकीचं असणं यांना ते नको. "आय हॅव फाइव्ह इयर्स ऑफ एक्सपीरियन्स." "आय नो टॅली." बस. 'हॅविंग' शब्दच वाईट असंही नाही. "आय ॲम हॅविंग लंच" अगदी बरोबर आहे, कारण तिथे त्याचा अर्थ जेवणं असा आहे, आणि जेवताना माणूस दिसतो.

याच 'आहे'चं दुसरं रूप बायोडेट्यात ओळीओळीला भेटतं. "मी २०१९ साली बी.कॉम. केलं आहे" हे मराठीत ठीक. त्यावरून "आय हॅव कम्प्लीटेड बी.कॉम. इन २०१९" असं लिहिलं की चुकतं. साल, तारीख, काल, मागचा महिना असा संपून गेलेला नेमका काळ वाक्यात आला की 'हॅव' काढायचा. "आय कम्प्लीटेड बी.कॉम. इन २०१९." साल नसेल तर "आय हॅव कम्प्लीटेड बी.कॉम." चालेल. व्यापारी पत्रातही हेच. "वी हॅव डिस्पॅच्ड युवर ऑर्डर यस्टरडे" नको, "वी डिस्पॅच्ड युवर ऑर्डर यस्टरडे" हवं.

आणि "सिन्स लास्ट टू मंथ्स" नको. काळाची लांबी सांगायची असेल तर 'फॉर', सुरुवात सांगायची असेल तर 'सिन्स'. "फॉर टू मंथ्स", "सिन्स जून".

'अ', 'ॲन' आणि 'द'

मराठीत यांच्या जोडीचं काही नाही, त्यामुळे एक तर ती गळतात नाहीतर सगळीकडे पेरली जातात. 'अ' की 'ॲन' यासाठी आपल्याकडे एक सोय आहे, जी इंग्रजी माध्यमवाल्यांना सुचत नाही. पुढचा शब्द देवनागरीत लिहून बघा. पहिलं अक्षर स्वर असेल तर 'ॲन', व्यंजन असेल तर 'अ'. एमबीए, एसएमएस, एक्स-रे, अवर, ऑनेस्ट यांना 'ॲन'. युनिव्हर्सिटी, युरोपियन, यूपीएस, वन-वे यांना 'अ'. इंग्रजी स्पेलिंगकडे बघू नका, ते फसवतं. एक अपवाद लक्षात ठेवा. वर्ष या अर्थाचा शब्द आपण 'इयर' असा लिहितो, पण इंग्रजी उच्चारात सुरुवातीला 'य' आहे, म्हणून "अ इयर". कान या अर्थाचा 'इयर' मात्र "ॲन इयर".

'द'चं थोडक्यात सांगतो. ज्याच्याबद्दल बोलतोय ते वाचणाऱ्याला आधीच कळलेलं असेल तर 'द'. गावाला, शहराला, बहुतेक देशांना नको. द जळगाव नाही, द दुबई नाही. पण द यूएई, द यूएसए, द नेदरलँड्स यांना हवा. निर्यातदारांनी पत्त्यापुरतं नाही, पण पत्रातल्या वाक्यांत हे पाळावं.

विरामचिन्हं

आपल्या पणजोबांच्या मोडी कागदांत स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह शोधून सापडायचं नाही. मराठीत ही चिन्हं इंग्रजीकडून आली आणि ती रुळवण्याचं काम एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी यांनी केलं. चिन्हं तीच, पण वापरायची रीत दोन्हीकडे सारखी राहिली नाही.

लांब कर्ता बोलून झाला की मराठीत आपण श्वास घेतो आणि तिथे स्वल्पविराम टाकतो. "द पाइप्स मॅन्युफॅक्चर्ड बाय अवर कंपनी, आर टेस्टेड" असं जे दिसतं ते यामुळे. इंग्रजीत कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये एकटा स्वल्पविराम येत नाही. वाक्य कितीही लांब असो.

दुसरं, दोन पूर्ण वाक्यं स्वल्पविरामाने जोडणं. "वी हॅव सेंट द गुड्स, प्लीज रिलीज द पेमेंट." इथे पूर्णविराम द्या. दोन छोटी वाक्यं झाली तर कुणाचं काही बिघडत नाही, उलट पैसे मागणारं वाक्य सुटं उभं राहतं आणि नजरेत भरतं.

वरचा स्वल्पविराम, म्हणजे ॲपॉस्ट्रॉफी, दुकानांच्या पाट्यांवर फार स्वस्त झालाय. अनेकवचनाला तो लागत नाही. पिझ्झाज, सारीज, मोबाइल्स, कशालाच नाही. तो लागतो मालकी दाखवायला, नाहीतर गळालेलं अक्षर दाखवायला. 'इट्स'ची गंमत अशी की एक ॲपॉस्ट्रॉफीचं, एक बिनॲपॉस्ट्रॉफीचं, आणि देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात. 'इट इज' म्हणून वाक्य वाचा. अर्थ लागला तर ॲपॉस्ट्रॉफी द्या. "त्याचा, त्याची" असा अर्थ असेल तर देऊ नका, मालकी असली तरी.

टायपिंगची एक सूचना, जी पाळली तर आमचा ऑपरेटर तुम्हाला दुवा देईल. स्वल्पविराम, पूर्णविराम, प्रश्नचिन्ह यांच्या आधी जागा नको, नंतर एक जागा हवी. सात-आठ टिंबं, तीन-तीन उद्गारचिन्हं वाढदिवसाच्या बॅनरसाठी ठेवा.

कॅपिटल अक्षरं देवनागरीत नसतात म्हणून तिथे दोन टोकं दिसतात. वार आणि महिने यांना कॅपिटल द्यायचं राहतं, आणि प्रोफाइलमधल्या क्वालिटी, सर्व्हिस, कस्टमर यांना उगाच मिळतं.

आकडे, तारखा, मापं

व्याकरण चुकलं तर लोक हसतील, फार तर. आकडा चुकीचा वाचला गेला तर माल परत येतो. म्हणून परदेशी जाणाऱ्या मजकुरात आम्ही आधी आकडे बघतो, मग भाषा.

१,५०,००० ही मांडणी आपली. बाहेर तेच १५०,००० असं लिहितात, आणि लाख-कोटी तिथे कुणाला कळत नाही. जर्मनीसारख्या देशात दशांश चिन्हाच्या जागी स्वल्पविराम वापरतात, त्यामुळे १,५०० किलो हे तिथला माणूस दीड किलो असंही वाचू शकतो. मजकूर युरोपात जाणार असेल तर हजारांमध्ये स्वल्पविराम न देता १५०० लिहा. तारीख ०५/०६ अशी लिहिली तर आपल्याला ५ जून, अमेरिकन माणसाला ६ मे. महिना अक्षरात लिहा, वाद मिटला.

केळीच्या कंटेनरचं एक वाक्य आमच्याकडे साधारण या रूपात येतं: "द टेंपरेचर शुड बी १३ टू १४ डिग्री." व्याकरणात खोट नाही. पण 'शुड' म्हणजे असावं, असलं तर बरं. अट घालायची असेल तर 'मस्ट' हवं. आणि डिग्री कोणती? सेल्सिअस लिहिलं नाही आणि समोर फॅरनहाइटची सवय असलेला माणूस असला तर पंचाईत. त्याच्या हिशेबात हेच तापमान साधारण ५५ ते ५७ होतं. केळी १३ अंशांच्या खाली गेली की साल काळवंडते आणि पिकल्यावर रंग धरत नाही, हे रावेर-यावलच्या माणसाला आम्ही सांगायला नको. वाक्य असं हवं: "द टेंपरेचर मस्ट बी केप्ट बिटवीन १३ अँड १४ डिग्रीज सेल्सिअस थ्रूआउट द व्हॉयेज." शेवटचे तीन शब्दही महत्त्वाचे, नाहीतर फक्त माल भरतानाचं तापमान असा अर्थ निघू शकतो.

शैली: जुना साचा किती ठेवायचा

उधारी मागणारं हे नमुन्याचं पत्र बघा:

"रिस्पेक्टेड सर, विथ रेफरन्स टू द अबोव्ह सब्जेक्ट वी वुड लाइक टू इन्फॉर्म युवर गुड सेल्फ दॅट पेमेंट ऑफ अवर बिल इज स्टिल पेंडिंग फ्रॉम युवर साइड, सो काइंडली डू द नीडफुल ॲट द अर्लिएस्ट."

यात बिल कोणतं, रक्कम किती, कधीपर्यंत हवी, काहीच नाही. 'नीडफुल' म्हणजे काय ते समोरच्याने ठरवायचं, आणि तो ते आपल्या सोयीने ठरवतो. आम्ही त्याचं असं करतो:

"डिअर सर, अवर इन्व्हॉइस डेटेड ५ जून, फॉर ८४,००० रुपीज, हॅज नॉट बीन पेड. प्लीज पे इट बाय २० ऑगस्ट. अ कॉपी ऑफ द इन्व्हॉइस इज अटॅच्ड."

काही ग्राहकांना हे उद्धट वाटतं. 'प्लीज' आहे, 'सर' आहे, त्यामुळे उद्धट नाही. इंग्रजीत आदर शब्दांच्या संख्येवर मोजत नाहीत. सुरुवात "डिअर सर" असेल तर शेवट "युवर्स फेथफुली", नाव घालून सुरुवात केली असेल तर "युवर्स सिन्सिअरली". "युवर ओबीडियंटली" ही चूकच आहे. "डिस्कस अबाउट" मधला 'अबाउट' आणि "रिटर्न बॅक" मधला 'बॅक'ही काढा. 'प्रीपोन'ला मात्र आम्ही हात लावत नाही. तो आपल्या देशातला शब्द आहे आणि ऑक्सफर्डच्या शब्दकोशात त्याला जागा मिळाली आहे. फक्त विलायतेच्या पत्रात टाळा.

जुना साचा सगळाच खरवडून काढावा असं आमचं मत नाही. शाळा, बँक, जुन्या वळणाची कार्यालयं यांना तो ओळखीचा असतो आणि ओळखीचा कागद लवकर पुढे सरकतो. आणि तहसील, जिल्हा परिषद, जिल्हाधिकारी कार्यालय इथे अर्ज द्यायचा असेल तर इंग्रजीच्या भानगडीत पडूच नका. १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने राज्यकारभाराची भाषा मराठी आहे. असा अर्ज इंग्रजीत करायला आलात तर आम्ही मराठीतच लिहून द्या म्हणू.

संगणक काय पकडतो, काय सोडतो

वर्डमध्ये एफ-७ दाबलं की स्पेलिंग आणि व्याकरण तपासलं जातं. आधी भाषा 'इंग्लिश इंडिया' किंवा 'यूके' करून घ्या, नाहीतर 'यू' घालून लिहिलेल्या 'कलर'खाली लाल रेघ येत राहील. पण जो शब्द इंग्रजीत आहे, त्याच्याखाली लाल रेघ येईलच असं नाही, मग तो भलत्या जागी का असेना. 'मॅनेजर'मधला मधला 'ए' गळाला की उरतो तोही खरा शब्द आहे, अर्थ गुरांची गव्हाण. बँकेच्या मॅनेजरला लिहिलेल्या पत्रात अशी गव्हाण शिरली तर स्पेलिंग तपासणाऱ्या प्रोग्रामला ती शुद्धच दिसू शकते. छापील कागद हातात घेऊन मोठ्याने वाचा, तेवढ्यासाठी कुणाची गरज नाही.

चॅटजीपीटीकडून लिहून आणलेला मजकूरही हल्ली बराच येतो. व्याकरण स्वच्छ असतं. पण दोन माणसांच्या वर्कशॉपला तो जागतिक दर्जाचा अग्रगण्य उद्योग करून टाकतो, आणि कधी कधी तुमच्याकडे नसलेलं प्रमाणपत्रही लिहून मोकळा होतो. असा मजकूर तपासताना आम्ही प्रत्येक दाव्यापुढे खूण करून विचारतो, हे खरं आहे का? उत्तर देणारा माणूस सोबत आणा.

आमची पद्धत

दर शब्दांवर आहे, पानांवर नाही. केलेली दुरुस्ती वेगळ्या रंगात दिसते, ती मान्य करायची की नाही हे तुम्ही ठरवायचं. नावांचं स्पेलिंग आम्ही मनाने बदलत नाही. चौधरी, पाटील, महाजन यांची स्पेलिंगं आधार आणि दहावीच्या सर्टिफिकेटवर वेगवेगळी निघतात, म्हणून जे हवं त्याची झेरॉक्स आणा. कॉलेजच्या असाइनमेंट आणि प्रबंध लिहून देत नाही, तुम्ही लिहिलेल्याची भाषा तपासतो. वर्डची फाइल असेल तर उत्तम. हाताने लिहिलेलं चालेल, व्हॉट्सॲपवरचा फोटोही चालेल, फक्त कडा कापलेल्या नकोत. सही-शिक्का झालेला कागद दुरुस्तीला आणू नका, त्यात आम्ही काही बदलत नाही.