कॅटालिटिक कन्व्हर्टर : दोषनिदान आणि बदल

पेट्रोल मोटारीच्या इंजिनातून निघालेले विषारी वायू सायलेन्सरपर्यंत पोहोचण्यापूर्वीच त्यांचे रूपांतर करणारे साधन. पाठ्यपुस्तकांत त्याला ‘उत्प्रेरक परिवर्तक’ म्हणतात. गॅरेजमध्ये ‘कन्व्हर्टर’ म्हटले की भागते. या नोंदीत भर आहे तो कन्व्हर्टर बिघडल्याचे ओळखण्यावर. हा भाग बदलण्याचे काम अर्ध्या दिवसाचे असते. तो का मेला हे न शोधता बदलला, तर नवाही त्याच वाटेने जातो.

पोलादी डब्यात मधमाश्यांच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची जाळी असते. एका चौरस इंचात साधारण ४०० उभी छिद्रे आणि त्यांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम या धातूंचा अतिसूक्ष्म कणांचा थर. कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो, न जळलेल्या इंधनाचे पाणी व कार्बन डायऑक्साइड होते, नायट्रोजनच्या ऑक्साइडांतून पुन्हा नायट्रोजन सुटतो. थरात सिरियम ऑक्साइडही असते. ते जास्तीचा ऑक्सिजन साठवून ठेवते आणि कमी पडला की सोडते. हे सारे साधायला हवा आणि पेट्रोल यांचे वजनी प्रमाण १४.७ : १ च्या आसपास राहावे लागते आणि जाळी सुमारे २५०–३०० अंश सेल्सियसपर्यंत तापावी लागते. सकाळी थंड गाडी सुरू केल्यावरची पहिली एक-दोन मिनिटे म्हणूनच सर्वांत घाण धुराची असतात.

भारतात दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या चार महानगरांत १ एप्रिल १९९५ पासून नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला. त्याबरोबरच शिसेविरहित पेट्रोल आणावे लागले, कारण शिसे या थरावर बसले की तो निकामी होतो. २००० साली शिसेयुक्त पेट्रोल देशभर बंद झाले.

दोषनिदानाची सुरुवात बहुधा डॅशबोर्डवरच्या पिवळ्या इंजिन लाइटने होते. स्कॅनर लावला की ‘पी ०४२०’ हा कोड दिसतो आणि तिथेच घाई होते. कोडचा अर्थ ‘कन्व्हर्टर बदला’ असा नाही. ‘कार्यक्षमता ठरावीक मर्यादेखाली दिसते आहे’ एवढाच आहे. कन्व्हर्टरच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन ऑक्सिजन सेन्सर असतात. नेहमीच्या जुन्या धाटणीच्या पहिल्या सेन्सरचे व्होल्टेज ०.१ ते ०.९ च्या दरम्यान सतत वरखाली होते. कन्व्हर्टर ऑक्सिजन नीट साठवत असेल, तर दुसऱ्या सेन्सरपर्यंत ही लाट पोहोचत नाही आणि तो ०.६–०.७ व्होल्टच्या आसपास जवळपास स्थिर राहतो. दुसराही पहिल्यासारखाच नाचू लागला की साठवणक्षमता गेली असे समजायचे. मात्र त्याआधी पाइपची गळती तपासावी. मॅनिफोल्डचे (इंजिनातला धूर गोळा करणाऱ्या नळ्यांचे) गॅस्केट, म्हणजे सांध्यातली सील, फुटले किंवा गंजून पाइपला बारीक भोक पडले, तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सर फसतात आणि चांगला कन्व्हर्टर दोषी ठरतो. थंड इंजिन सुरू करून सांध्यांजवळ ‘टिक टिक’ आवाज येतो का ऐकावे, काजळीचे डाग शोधावेत.

पीयूसीची (प्रदूषण तपासणीची) पावतीही नीट वाचायला शिकली पाहिजे. बहुतेकजण फक्त ‘पास’ पाहतात. बीएस-४ (भारत स्टेज या धूर-मानकांचा चौथा टप्पा) आणि पुढच्या पेट्रोल गाड्यांना आयडलवर, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना, कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के व हायड्रोकार्बन (न जळलेले इंधन) २०० पीपीएम अशी मर्यादा आहे. सुमारे २५०० आरपीएमवर कार्बन मोनॉक्साइड ०.२ टक्के आणि लॅम्डा (हवा-पेट्रोलचे प्रमाण आदर्श प्रमाणाच्या किती पट आहे तो आकडा) ०.९७ ते १.०३ मध्ये असावा लागतो. कार्बन मोनॉक्साइड जास्त व लॅम्डा एकच्या खाली म्हणजे गाडी पेट्रोल जास्त ओढते आहे : इंजेक्टर गळतो, एखादा सेन्सर चुकीचे सांगतो किंवा एअर फिल्टर तुंबला आहे. हायड्रोकार्बन एकटेच चढले तर आधी प्लग व इग्निशन कॉइल पाहावी. गाडी बहुधा ‘मिसिंग’ करत असते, म्हणजे एखाद्या सिलिंडरमधले पेट्रोल मधूनमधून पेटत नाही. लॅम्डा अचूक एकजवळ असूनही दोन्ही आकडे वर असतील, आणि मिसिंग नसेल, तर कन्व्हर्टरवरचा संशय पक्का होतो. नायट्रोजनचे ऑक्साइड पीयूसीत मोजलेच जात नाहीत, म्हणजे ते फोडणाऱ्या ऱ्होडियमने काम सोडले तरी पावती स्वच्छ येऊ शकते. या चाचणीतली ही मोठी उणीव आहे.

जाळी वितळून किंवा तुटून अडली, तर लक्षणे वेगळी दिसतात. पिकअप मरतो, चढावर गाडी दम टाकते, गरम झाल्यावर त्रास वाढतो. रबरी हातोडीने डब्यावर हलके ठोकल्यावर आत खुळखुळ वाजली, तर जाळी तुटलेली आहे. खात्रीसाठी पहिला सेन्सर काढून त्या जागी दाबमापक लावतात; २५०० आरपीएमवर ३ पीएसआयपेक्षा (दर चौरस इंचावर ३ पौंडांपेक्षा) जास्त दाब आला, तर वाट तुंबलेली आहे.

कन्व्हर्टर सहसा स्वतःहून मरत नाही, त्याला इंजिन मारते. मिसिंगमध्ये न जळलेले पेट्रोल जाळीत जाऊन पेटते आणि ती वितळते. त्या धुरात उरलेला ऑक्सिजन पाहून इंजिनाच्या संगणकाला मिश्रण विरळ (पेट्रोल कमी) वाटते, म्हणून तो आणखी पेट्रोल सोडतो. नुकसान दुप्पट होते. ‘ऑइल खाणाऱ्या’ इंजिनातले फॉस्फरस आणि जस्त थरावर लेप चढवतात. हेड गॅस्केटमधून गळणारे कूलंटही तसाच लेप देते. निळा धूर ऑइलचा, गोडसर वासाचा दाट पांढरा धूर कूलंटचा. हे दुरुस्त होईपर्यंत नवा कन्व्हर्टर बसवूच नये.

बदलताना गाडी पूर्ण थंड असावी आणि ती जॅकवर न सोडता स्टँडवर ठेवावी. गंजलेल्या बोल्टांना आदल्या दिवशीच गंज सोडवणारे तेल लावावे. किनारपट्टीवरच्या गाड्यांत हे टाळले तर बोल्ट हमखास तुटतो. सेन्सर खाचेच्या सॉकेटनेच काढावा, वायर पिळू नये. डब्यावर बाण असेल तर तो वायूंच्या प्रवाहाच्या दिशेने ठेवावा आणि गॅस्केट नवीनच घालावे. साधा सिलिकोन सीलंट मात्र कधीही लावू नये, त्याची वाफ सेन्सर खराब करते. आजच्या बऱ्याच गाड्यांत कन्व्हर्टर मॅनिफोल्डलाच जोडलेला असतो, तेव्हा काम वरून, इंजिनाच्या बाजूने करावे लागते. स्वस्त पर्यायी भागांत मौल्यवान धातू इतका कमी असू शकतो की काही महिन्यांत तोच कोड परत येतो.

काही ठिकाणी जाळी फोडून रिकामा डबा परत बसवतात. गाडी मोकळी झाल्यासारखी वाटते, पण तो धूर मागच्या दुचाकीस्वाराच्या नाकात जातो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत असा फेरबदल करता येत नाही.

काम झाल्यावर कोड पुसून गाडी थंड अवस्थेतून सुरू करून शहरात आणि मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या वेगाने चालवावी. संगणक स्वतःच्या चाचण्या पूर्ण करतो आणि मगच निकाल कळतो. जुना कन्व्हर्टर गॅरेजमध्ये विसरून येऊ नये. त्यातल्या धातूंना भंगार बाजारात चांगला भाव असतो आणि ते गाळून पुन्हा वापरता येतात.