ट्रोम्सो ते लाँगइयरब्येन: विमानाचं अंतर आणि वेळ

नॉर्वेच्या उत्तरेकडचं ट्रोम्सो (69.7 अंश उत्तर) आणि स्वालबार्ड बेटांवरचं लाँगइयरब्येन (78.2 अंश) या दोन विमानतळांमधलं हवाई अंतर साधारण 960 किमी आहे, म्हणजे मुंबई-दिल्लीपेक्षा कमीच. दोन्ही ठिकाणं जवळपास एकाच रेखांशावर असल्याने विमान जवळजवळ नाकासमोर उत्तरेला जातं आणि हिशोब घरबसल्या जमतो. अक्षांशांतला फरक साडेआठ अंशांचा, एका अंशाला 111 किमी, आणि मार्ग जरा तिरका म्हणून थोडे वर धरायचे. खाली सगळा बॅरेंट्स समुद्र, मध्यावर कुठेतरी बेअर आयलंड, बाकी काही नाही.

वेळ लागतो साधारण एक तास चाळीस मिनिटं. ताशी 800 किमीने भागलं तर सव्वा तासातच पोहोचायला हवं, पण रनवेपर्यंत जाणं, वर चढणं, खाली उतरणं यात अर्धा तास सहज जातो. खरा वेळ मात्र जमिनीवर जातो. स्वालबार्ड नॉर्वेचंच असलं तरी शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या, बाहेर आहे, त्यामुळे ओस्लोहून ट्रोम्सोमार्गे जाणाऱ्यांना मध्येच उतरून पासपोर्ट दाखवून परत त्याच विमानात बसावं लागतं. भारतीयांनी तर डबल एन्ट्री शेंगेन व्हिसाच घ्यावा, कारण स्वालबार्डला व्हिसा लागत नसला तरी परत येताना शेंगेनमध्ये दुसऱ्यांदा शिरावं लागतं, आणि इथेच बरेच जण अडकतात.

लाँगइयरब्येनचा विमानतळ 1975 साली सुरू झाला. रनवे कायम गोठलेल्या जमिनीवर आहे, वरचा थर उन्हाळ्यात सैल पडतो म्हणून डागडुजी चालूच असते. नियमित प्रवासी फ्लाइट असलेला हा जगातला सगळ्यात उत्तरेचा विमानतळ. ऑक्टोबरच्या शेवटापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही, तरी विमानं येत-जात राहतात. डोंगर मात्र जवळ आहेत. 29 ऑगस्ट 1996 ला मॉस्कोहून आलेलं टीयू-154 हे रशियन प्रवासी विमान उतरताना पूर्वेकडच्या ऑपेराफ्येलेट डोंगरावर आदळलं आणि सगळे 141 जण गेले, त्यात बरेचसे तिथल्या कोळसा खाणींचे रशियन आणि युक्रेनियन कामगार आणि त्यांच्या घरचे होते. हवा फारच बिघडली तर विमान परत मुख्य भूमीकडे वळवतात, मग दीड तासाचा प्रवास दुसऱ्या दिवसावर जातो.

या मार्गाशी आपलाही संबंध आहे. भारताचं हिमाद्री संशोधन केंद्र (2008 पासून) लाँगइयरब्येनच्या वायव्येला साधारण 110 किमीवर नी-ऑलेसुंडला आहे आणि त्याचा कारभार गोव्यातल्या वास्कोमधून, राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून चालतो. तिथला रनवे जेटसाठी फारच आखूड, म्हणून लाँगइयरब्येनहून पुढे छोट्या विमानाने जायचं. वर्षानुवर्षं हे काम डॉर्निअर 228 ने केलंय, जे आपल्याकडे कानपूरला एचएएल (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) ही कंपनीही बनवते. हा शेवटचा टप्पा अर्ध्या तासाच्या आत संपतो, फक्त सीट मोजक्याच असतात आणि सामानाचं वजन काटेकोर बघतात.