गुडघ्याच्या वाटीमागची कूर्चा दुखतच नाही, मग दुखतं काय?

जिना चढताना एक वेळ चालतं, उतरताना मात्र गुडघा बोलायला लागतो. तीन तासांचा सिनेमा बसून पाहिला की उठताना वाटीमागे कळ येते. वाटीवर तळवा ठेवून पाय सरळ केला, तर वाळू चुरडल्यासारखी करकर हाताला लागते. मग शेजारीपाजारी निदान करून मोकळे होतात : "वंगण संपलं!" एमआरआयच्या रिपोर्टवर भारदस्त शब्द येतो, कॉन्ड्रोमलेशिया पटेली. म्हणजे वाटीमागची कूर्चा मऊ पडली आहे किंवा तिला चिरा गेल्या आहेत.

मटणाच्या नळीच्या टोकाला पांढरा-निळसर गुळगुळीत थर असतो ना, तीच कूर्चा. आपल्या शरीरात ती सर्वांत जाड असते ती वाटीमागेच, काही जणांत ५-६ मिलिमीटर. तिथे भारही तसाच पडतो. सपाट रस्त्यावर चालताना वाटीवर शरीराच्या वजनाच्या साधारण निम्मा, जिन्यावर तिप्पट आणि खोल उकिडवं बसताना सात-आठ पट. ६० किलोचा माणूस खालच्या फळीवरचा डबा काढायला उकिडवा बसतो, तेव्हा वाटी चारशे किलोंच्या वर दाब झेलत असते.

कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत, म्हणून तिची जखम सहसा नीट भरून येत नाही. दाब आला की तिच्यातलं पाणी बाहेर पडतं, दाब सुटला की सांध्यातला द्रव आत शिरतो. तिचं पोषण होतं ते असं. त्यामुळे महिनाभर पाय उशीवर ठेवून पडून राहणं हा काही तिच्यावर उपकार नव्हे.

आणि तिच्यात मज्जातंतूही नाहीत. स्कॉट डाय या अमेरिकन अस्थिशल्यविशारदाने हे स्वतःवरच करून पाहिलं. भूल फक्त कातडीपुरती देऊन त्याने आपल्या गुडघ्यांत दुर्बीण घालून घेतली आणि सहकाऱ्याला आतला एकेक भाग टोचायला सांगितलं. त्याच्या वाटीची कूर्चा खराब झालेली होती, पण तिथे टोचल्याचं त्याला कळलंही नाही. सांध्याच्या अस्तराला आणि वाटीखालच्या चरबीच्या गादीला हत्यार लागलं, तेव्हा मात्र तो कळवळला. हा अनुभव १९९८ साली छापून आला.

म्हणजे दुखतं ते अस्तर, ती गादी आणि कूर्चेखालचं हाड. म्हणूनच रिपोर्ट वाईट असून कुणी खुशाल गड चढतो-उतरतो, तर रिपोर्ट स्वच्छ असून कुणी जिन्यावर कठडा सोडत नाही. नुसत्या करकरीला तर मी घाबरूच नका म्हणेन.

उपचारांत सगळ्यांत जास्त भरवसा व्यायामाचा : मांडीचा पुढचा स्नायू आणि कुल्ल्याचे स्नायू बळकट करायचे. व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावेत आणि दोन-तीन महिने चिकाटीने करावेत. तोवर उकिडवं बसणं आणि जिने कमी करावेत, चालणं सोडू नये. थोडं दुखलं आणि सकाळपर्यंत ओसरलं, तर चालू ठेवायला हरकत नाही. गुडघा सुजला, अडकून बसला किंवा चालताना दगा देऊ लागला, तर मात्र आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावं.